डिस्क नवी, तपासणी जुनीच: परभणी जिल्ह्यातल्या एका घरगुती संगणकाचं प्रकरण

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळ्यातलं आहे. घर, माणसं आणि दुकान ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत.

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घर एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकाचं. गल्लीत सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मुलगा जालन्याला कारखान्यात, शनिवार-रविवार घरी. सून गल्लीतल्या महिला बचत गटाची लिखापढी बघते. सुरुवात एका गटापासून झाली. पण एक्सेलमध्ये हिशोब चोख ठेवणारी बाई आहे म्हटल्यावर शेजारच्या गटांच्या वह्याही तिच्याकडंच आल्या. मासिक बचत, अंतर्गत कर्ज, हप्ता, व्याज, बँकेतली शिल्लक, सगळं एका फोल्डरमध्ये. हाती लिहिलेल्या वह्या असतातच, पण बँकेचा माणूस आला की दाखवायचं ते संगणकावर.

संगणक २०१७ साली सुटे भाग जुळवून घेतलेला. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. डिस्कचे दोन भाग: सी वर विंडोज १०, डी वर बाकी सगळं. म्हणजे गटांचे हिशोब, गुरुजींच्या पेन्शनचे कागद, सातबाऱ्याच्या प्रती, नातीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे पेपर आणि दोन लग्नांचे फोटो. सोबत त्याच वेळी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेली की थोडा वेळ संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. हे सगळं समोरच्या पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत माणूस बसत नाही, पण संगणक बसतो.

अडचण

संगणक सुरू केला की काळा पडदा आणि त्यावर पांढरी ओळ: डी ड्राइव्ह तपासायचा आहे, नको असेल तर काही सेकंदांत कुठलीही कळ दाबा. कळ दाबली नाही तर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग’ सुरू व्हायचं आणि अकरा टक्क्यांवर जाऊन बसायचं. एकदोनदा तासभर वाट पाहून घरच्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं. त्यानंतर सवयच लागली.

“सर, रोज सकाळी ते येऊ लागलंय. मी आपलं स्पेस दाबते अन् पुढं जाते,” सून म्हणाली.

याशिवाय दोन गोष्टी होत्या, ज्या विचारल्यावरच कळल्या. एक, मध्येच यंत्र अर्धा मिनिट गोठायचं: माऊस हलायचा, पण काही उघडायचं नाही, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता एकसारखा जळत राहायचा. दुसरी, गटाच्या हिशोबाची एक एक्सेल फाइल ‘खराब आहे’ म्हणून उघडत नव्हती. घरच्यांच्या लेखी तक्रार एकच होती, काळ्या पडद्याची. गोठण्याला ते ‘जुना झालाय’ म्हणत होते.

आधी झालेले दोन उपाय

मी पाहायला जाण्याआधी यंत्र दोनदा दुकानात जाऊन आलं होतं.

पहिल्या वेळी ‘विंडोज खराब झालंय’ असं निदान झालं. सी फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलं, डी तसाच ठेवला. थोडे दिवस बरे गेले, मग काळा पडदा परत आला.

दुसऱ्या वेळी निदान झालं ‘हार्ड डिस्क गेली’. २४० जीबीची नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवली, विंडोज तिच्यावर टाकलं. जुनी डिस्क काढून टाकायला गुरुजी तयार झाले नाहीत, म्हणून ती दुसरी डिस्क म्हणून आतच राहिली आणि तिच्यावरचा डी डीच राहिला. यंत्र झपकन सुरू होऊ लागलं, सगळे खूश. पण डी ची तपासणी काही थांबली नाही. आणि जून उजाडता उजाडता एके सकाळी पडद्यावर अक्षर बदललं: आता सी तपासायचा होता. सी म्हणजे नवी एसएसडी, महिन्याचीसुद्धा नाही.

“डिस्क बदलली ना आपण? मग काहून येतंय हे?” हा गुरुजींचा प्रश्न, आणि साऱ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच. जुन्या डिस्कवर जे होत होतं तेच नव्या डिस्कवर होऊ लागलं, म्हणजे कारण दोन्ही डिस्कच्या बाहेर कुठंतरी असण्याची शक्यता बरीच वाढली.

ही तपासणी लागते कशामुळं

विंडोज ज्या पद्धतीनं डिस्कवर फाइली मांडतं, त्या एनटीएफएसमध्ये प्रत्येक ड्राइव्हवर ‘डर्टी बिट’ नावाची एक खूण असते. फाइलींच्या नोंदींमध्ये काही जुळत नाही असं चालत्या विंडोजला दिसलं की ते ही खूण लावून ठेवतं. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती खूण दिसली की तपासणी लागते. तपासणी पूर्ण झाली तरच खूण पुसली जाते. कळ दाबून टाळली, किंवा अर्ध्यावर बटण दाबून यंत्र बंद केलं, तर खूण तिथंच राहते आणि दुसऱ्या दिवशी तोच पडदा परत येतो.

आपल्याकडं काहीही झालं की ‘लाईट गेली म्हणून’ असं म्हणायची पद्धत आहे. एनटीएफएस होऊ घातलेल्या बदलांची रोजनिशी ठेवतं आणि अचानक वीज गेल्यावर ती वाचून बहुतेक वेळा स्वतःच सावरतं. म्हणजे लाईट गेली की दर वेळी तपासणी लागलीच पाहिजे असं नाही. ती रोज लागत असेल तर दोनच शक्यता: एक तर जुनी खूण कधी पुसलीच गेलेली नाही, नाहीतर काहीतरी ती पुन्हा पुन्हा लावतंय. या घरात डी च्या बाबतीत पहिलं खरं होतं आणि सी च्या बाबतीत दुसरं. एकाच पडद्यामागं दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्यामुळं दुकानदाराची फसगत झाली याचं मला नवल वाटत नाही.

समोर असलेले पर्याय

गुरुजींच्या भाच्यानं फोनवरून सुचवलेला उपाय सगळ्यात सोपा होता: चेकएनटीएफएस या आज्ञेला स्लॅश एक्स जोडून डी ला सुरुवातीच्या तपासणीतून वगळायचं. पडदा दुसऱ्या दिवसापासून दिसणार नाही. डी मधला बिघाड आहे तसा राहील, फक्त सांगणारं कुणी उरणार नाही. हा पर्याय नाकारला.

दुसरा पर्याय, चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा, स्लॅश आर लावून चालवायची आणि सरळ दुरुस्ती सुरू करायची. बहुतेक जण हेच करतात. अडचण अशी की चेकडिस्कचं काम नोंदी एकमेकींशी जुळवणं हे आहे, तुमची फाइल वाचवणं हे नाही. न जुळणारी नोंद ते कापून टाकतं. शिवाय दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं. डिस्कपर्यंत जाणारी वाटच खराब असेल तर लिहिलेलं नीट पोचेल याची खात्री काय?

तिसरा, सगळं पुसून नव्यानं. चौथा, नवा संगणक. हा चौथा विचार अगदीच चुकीचा नव्हता, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि सातव्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. पण नव्या संगणकातही डी मधला माल जुन्या डिस्कवरूनच न्यावा लागणार होता. म्हणजे प्रश्न सुटत नव्हता, खर्च तेवढा वाढत होता.

पाचवा पर्याय घेतला: कशालाही हात न लावता आधी नक्कल, मग तपास, सगळ्यात शेवटी दुरुस्ती.

आधी नक्कल

नकलेसाठी गुरुजींच्या मुलानं बाहेरून जोडायची डिस्क आणली. आता प्रश्न क्रमाचा. घरात प्रत्येकाचा क्रम वेगळा होता: गुरुजींना पेन्शनचे कागद आधी हवे होते, काकूंना लग्नाचे फोटो. पण मरू घातलेल्या डिस्कवरून काढायचं असेल तर जे लहान आणि पुन्हा न मिळणारं, ते आधी. गटांचे हिशोब सगळे मिळून काही एमबी, त्यामुळं ते पहिले. मग कागदपत्रं, मग फोटो. सिनेमे आणि गाणी राहिली तरी चालतील. यावेळी डिस्क खरंच मरू घातली आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण तसंच धरून चालण्यात तोटा नव्हता.

नकलेला साधं कॉपी-पेस्ट वापरलं नाही. एक फाइल वाचता आली नाही की ते तिथंच अडून प्रश्न विचारत बसतं. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी वापरली. पण तिलाही सांगावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये ती न वाचल्या जाणाऱ्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांच्या मधे तीस सेकंद थांबते. एका प्रयत्नावर आणि एका सेकंदावर तिला आणून ठेवलं. जे वाचता आलं नाही त्याची यादी वेगळ्या फाइलमध्ये घेतली.

यादी छोटी निघाली. बहुतेक फोटो. ती एक्सेल फाइल नकलून आली, पण उघडली नाहीच. त्या महिन्यांची बचत आणि हप्ते सुनेनं हाताच्या वहीवरून पुन्हा भरले. बचत गटांच्या पंचसूत्रात नियमित हिशोब लेखन हे एक सूत्र आहे. ते वहीत पाळलेलं होतं म्हणून निभावलं.

नोंदी काय सांगत होत्या

यंत्र उघडण्याआधी त्याच्याच नोंदी वाचल्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशन विभागात, विनइनिट या नावानं १००१ क्रमांकाची नोंद असते. सुरुवातीच्या तपासणीचा पूर्ण अहवाल तिच्यात असतो. सी ची तपासणी एकदा पूर्ण झाली होती, तिचा अहवाल मिळाला. दुरुस्त्या केल्याचं त्यात होतं, आणि खाली एक ओळ: खराब सेक्टर ० केबी. म्हणजे फाइलींच्या नोंदी बिघडल्या होत्या, पण डिस्कचा एकही तुकडा वाचायला नालायक ठरलेला नव्हता.

सिस्टिम विभागात तीन क्रमांक वारंवार दिसत होते. ५५, म्हणजे एनटीएफएसला रचना बिघडलेली दिसली. १२९, म्हणजे डिस्ककडून उत्तर न आल्यानं जोडणी झटकून पुन्हा सुरू केली. १५३, म्हणजे वाचन-लेखनाचा एखादा प्रयत्न पुन्हा करावा लागला. यातल्या १५३ च्या नोंदीत डिस्कचा क्रमांकही होता: डिस्क ०. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं तर डिस्क ० म्हणजे नवी एसएसडी. आणि जी नोंद असायला हवी होती, ७ क्रमांकाची ‘खराब ब्लॉक’ सांगणारी, ती दोन्ही डिस्कच्या नावावर एकही नव्हती.

सुनेला मी विचारलं, हे गोठणं साधारण कधी होतं? ती म्हणाली, “ताळेबंद सेव्ह करताना.” १२९ च्या बऱ्याच नोंदी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी होत्या. गटाची बैठक पाच तारखेला असते.

मग डिस्कचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम ते दाखवतो. दोन्ही डिस्कवर निळं ‘गुड’ होतं. पुष्कळ लोक तेवढंच बघून प्रोग्राम बंद करतात. तो शेरा मुख्यतः बदललेले, लटकलेले आणि न सुधारणारे सेक्टर बघून ठरतो, म्हणजे ०५, सी५ आणि सी६ या ओळी. जुन्या डिस्कवर या तिन्ही ओळी शून्य होत्या. सात-आठ वर्षं पत्र्याखाली काढलेल्या डिस्कच्या मानानं उत्तमच. ‘डिस्क गेली’ हे निदान इथंच कोसळलं.

आकडा होता तो सी७ या ओळीत. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलवरून जाताना माहितीचा तुकडा बिघडला की ही मोजणी एकानं वाढते. जुन्या डिस्कवर ती हजारांत होती, आणि महिन्याभराच्या एसएसडीवरसुद्धा शेकड्यांत. (हा प्रोग्राम आकडे सुरुवातीला हेक्समध्ये दाखवतो, मधेच ए-बी-सी अशी अक्षरं दिसतात, मेनूतून दशमान करून घ्यावे, नाहीतर उगाच घाबरायला होतं.) सी७ चा आकडा कधी कमी होत नाही. त्यामुळं तो मोठा आहे एवढ्यावरून आजची गोष्ट कळत नाही. तो वाढतोय का, हे बघावं लागतं.

केबलची अदलाबदल

म्हणून आकडे कागदावर लिहून ठेवले आणि एका दमात काही जीबीची एकच मोठी फाइल एसएसडीवर लिहिली-वाचली. मधे लाईट गेली नाही, यंत्र बंद केलं नाही. शेवटी पाहिलं: एसएसडीचा सी७ काही डझनांनी वाढला होता. तेवढीच मोठी फाइल जुन्या डिस्कवर लिहिली-वाचली, तिथं एकानंही वाढला नाही.

आता कॅबिनेट उघडलं. धुळीबद्दल लिहीत नाही. एसएसडीला लागलेली लाल केबल जुनी होती, २०१७ ची. तिच्या टोकाला पकडून ठेवणारी धातूची पट्टी नव्हती, आणि बाजूचं पत्रं लावताना ती कायम दाबली जाऊन टोकाशीच काटकोनात मोडल्यासारखी झाली होती. बोटानं हलवलं तर सॉकेटमध्ये हलत होती. जुन्या डिस्कला लागलेली केबल नवी, पट्टीची. काय झालं असावं ते दिसत होतं: दुकानात एसएसडी बसवताना मदरबोर्डवरच्या पहिल्या पोर्टवरची (केबल खोचायच्या जागेवरची) तयार केबल एसएसडीला लावली, आणि जुन्या डिस्कसाठी नवी केबल घेतली.

इथं निर्णय असा होता: शंभर-सव्वाशेची नवी केबल आणून मोकळं व्हायचं, की आधी खात्री करायची? बिघाड केबलमध्ये असू शकतो तसा मदरबोर्डवरच्या पोर्टमध्येही असू शकतो. नवी केबल लावल्यावर आकडा थांबला तर उत्तम. पण नवी केबल घट्ट बसल्यामुळं सैल पोर्टही काही दिवस गप्प राहू शकतो. नक्कल हातात होती, म्हणून अदलाबदल केली. दोन्ही डिस्क आपापल्या पोर्टवरच ठेवल्या, फक्त केबली बदलल्या, आणि तीच मोठी फाइल पुन्हा फिरवली. एसएसडीचा आकडा जागेवर थांबला. जुन्या डिस्कचा वाढू लागला. दोष पोर्टबरोबर राहिला नाही, केबलबरोबर गेला.

केबलवर थोड्या चुका झाल्या तर यंत्र तो तुकडा पुन्हा मागून घेतं, आपल्याला कळतही नाही. चुका एकदम पुष्कळ आल्या की उत्तराची वाट बघत सगळं थांबतं. ते अर्ध्या मिनिटाचं गोठणं हेच. मग जोडणी झटकली जाते, आणि त्यात एखादं लिहिणं अर्धवट राहिलं तर नोंदी बिघडतात, खूण लागते, सकाळी काळा पडदा येतो.

रॅमची शंका उरली होती, कारण खराब रॅमही फाइलींच्या नोंदी बिघडवू शकते. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवून ती फेडली. रात्रभराची चाचणी आणि आपल्याकडची लाईट यांचं जमत नाही; शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढावी लागली. चूक एकही निघाली नाही.

विजेची बाजू

सिस्टिमच्या नोंदींत कर्नल-पॉवर ४१ ही नोंदही ढिगानं होती. यंत्र रीतसर बंद न होता बंद पडलं की ती लागते. वळवाच्या पावसाचे दिवस, डीपी जळाल्याचे दिवस, सगळे त्यात ओळखू येत होते. पण घरात यूपीएस होता ना? त्याचा हिरवा दिवा लागलेला होता आणि सगळ्यांचा त्यावर भरवसा होता. भिंतीतली पिन काढून पाहिली तर संगणक त्याच क्षणी बंद. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी २०१७ पासूनची. अशा बॅटरीला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. पत्र्याच्या खोलीत ती कधीच गेली असणार. हजाराच्या आसपास किमतीची नवी बॅटरी टाकली आणि यूपीएस खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला घेतला.

सोबत विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असताना शट डाऊन केलेलं यंत्र पूर्ण बंद झालेलं नसतं, विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवलेला असतो. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर नोंदींचा गोंधळ होऊ शकतो, आणि ही डिस्क तर दुकानातल्या यंत्राला जोडली गेली होती. डी वर खूण परत लागली ती त्यातून की केबलमुळं, हे सांगायला पुरावा उरला नव्हता.

डी ची दुरुस्ती

नवी केबल लागली, आकडे थांबले, तेव्हा कुठं डी ला हात लावला. आधी चेकडिस्क काहीही न जोडता चालवलं; तसं ते फक्त बघतं, लिहीत नाही. अनुक्रमणिकांमध्ये चुका दिसल्या. मग स्लॅश एफ, म्हणजे दिसलेल्या चुका दुरुस्त करणं. ते झाल्यावर स्लॅश आर, म्हणजे प्रत्येक सेक्टर वाचून बघणं. १ टीबीला त्यात काही तास जातात, म्हणून पुन्हा शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर.

टक्के याही वेळी बराच वेळ एका जागी थांबले होते. सून म्हणाली, “बघा, अडकलं.” तिला दिवा दाखवला: तो लुकलुकत होता. टक्क्यांचा आणि वेळेचा थेट संबंध नसतो. असंख्य बारीक फाइलींचे फोल्डर लागले की आकडा हलत नाही, पण काम चालू असतं. दिवा लुकलुकतोय तोवर बटणाला हात लावायचा नाही, हे घरात तेव्हा ठरलं.

काय हाती लागलं

तपासणीच्या शेवटी खराब सेक्टर ० केबी. विंडोजच्या एफएसयुटिल या आज्ञेला डी ची खूण विचारली, तर पुसलेली. मालक हरवलेल्या तुकड्यांचा एक फाउंड.००० फोल्डर तयार झाला, आत सीएचके शेपटाच्या फाइली. शेपूट जेपीजी केल्यावर काही लग्नाचे फोटो म्हणून उघडल्या, काही अर्ध्या करड्या निघाल्या, काही उघडल्याच नाहीत. ते फोटो गेले.

पावसाळाभर काळा पडदा दिसला नाही. गोठणं थांबलं. दोन्ही डिस्कचे सी७ चे आकडे महिन्यातून एकदा सून वहीत लिहिते; ते जागचे हललेले नाहीत. एसएसडीचा खर्च निदानाच्या दृष्टीनं वाया गेला, पण यंत्राचा वेग वाढला हे गुरुजीही मान्य करतात.

निर्णयाच्या जागा

पहिल्या फॉरमॅटबरोबर सी वरच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. गोठणं नक्की कधी सुरू झालं, पहिली खूण कशानं लागली, याचं उत्तर त्या नोंदींत असण्याची दाट शक्यता होती. फॉरमॅट करूच नये असं नाही, पण त्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमधून सिस्टिम आणि ॲप्लिकेशन या दोन नोंदी फाइलीत साठवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. दुकानात गर्दी असते, तिथं हे होणार नाही. घरच्यांनीच पडद्याचा फोनवर फोटो काढून ठेवला असता तरी कुठलं अक्षर, डी की सी, एवढं कळलं असतं.

डिस्क बदलताना केबल न बदलणं ही सगळ्यात महाग पडलेली बचत. नवा भाग जुन्या केबलला लावला की नवा भाग तपासला गेला असं होत नाही. स्मार्टचे आकडे आधी पाहिले असते तर एसएसडी घ्यायची घाई झालीच नसती. घेतली असती तर वेगासाठी घेतली असती.

कळ दाबून पुढं जाण्याला मी सुनेला दोष देणार नाही. महिन्याची पाच तारीख आहे, बायका ओट्यावर बसल्यात, त्या वेळी कोण तासभर तपासणी चालू देईल? पण बैठक नसलेल्या एखाद्या दिवशी ती पूर्ण होऊ दिली असती तर डी आणि सी यांचा गुंता झाला नसता, आणि खूण पुन्हा लागते की नाही हे दोन दिवसांत कळलं असतं.

एका गोष्टीवर एकमत झालं नाही. माझं म्हणणं, डिस्क चांगली निघाली तरी आठ वर्षांची आहे, डी नव्या डिस्कवर न्यावा. गुरुजींचं म्हणणं, आकडे शून्य आहेत असं तुम्हीच दाखवलंत, मग काढायची कशाला? सीगेट घ्यायची की दुसरी कुठली, या चर्चेत मुलानं एक रविवार घालवला आणि जालन्याला परत गेला. तोडगा असा निघाला: डिस्क राहील, पण डी वरची प्रत एकमेव प्रत असणार नाही. गटांचा फोल्डर दर बैठकीनंतर बाहेरच्या डिस्कवर जातो आणि ती डिस्क एरवी कपाटात, संगणकाला न जोडलेली असते. विंडोजचं काय करायचं ते दिवाळीनंतर बघू असं ठरलं.